नदीकाठ कुणाचा? गाड्यांचा की आपला?

संध्याकाळी साडेपाच-सहाची वेळ. दुपारची आवराआवर झालेली, रात्रीच्या स्वयंपाकाला अजून अवकाश. अशा वेळी आपल्या गावातल्या एखाद्या बाईला वाटलं, की जरा मोकळ्यावर जाऊन अर्धा तास नुसतं बसावं, तर तिनं जायचं कुठे?

आमच्या महिला मंडळात मी हा प्रश्न विचारला तेव्हा बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग एकेक उत्तर यायला लागलं. देवळात. भाजी आणायला बाजारात. नातवाला घेऊन मैदानावर, म्हणजे तो खेळणार आणि आजी कडेला उभी राहणार. आम्ही रत्नागिरीकर तसे नशीबवान. मांडवीची जेटी आहे, भाट्याचा किनारा आहे, थिबा पॉइंटवरून खाली काजळी नदी आणि भाट्याची खाडी दिसते. पण तिथे आपण कधी जातो? पाहुणे आले की. नाहीतर रविवारी घरच्यांबरोबर. एकटीनं, काही काम नसताना, नुसतं बसायला? "अगं, लोक काय म्हणतील?" असं एकीनं म्हटलंच, आणि सगळ्या हसलो. पण त्या हसण्यात थोडं कडूपण होतं.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या याच अनुभवाचा अभ्यास करून २०११मध्ये इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की बाईला घराबाहेर असायला कायम काहीतरी कारण लागतं. हातात पिशवी हवी, कडेवर मूल हवं, नाहीतर कानाला फोन तरी हवा. मुंबईसारख्या शहरात ही तऱ्हा, मग रत्नागिरी, चिपळूण, राजापूर, खेडची काय कथा!

त्या दिवशी बैठकीत एक आजी शेवटी बोलल्या. "आमच्या वेळेला नदी होती की!" खरंच होती. धुण्याची बादली डोक्यावर घेऊन "नदीवर जाते" म्हटलं, की सासूसुद्धा अडवत नसे. काम कष्टाचंच होतं, कमरेचा काटा ढिला करणारं. पण त्या खडकांवर सुखदुःखं बोलली जायची, माहेरच्या आठवणी निघायच्या, कुणाच्या पाठीवरचा वळ कुणाला तरी दिसायचा. पुढे घरात नळ आले. बरंच झालं, धुण्याचं ते ओझं आता कुणालाच परत नकोय. पण नळ आला आणि नदीवरची आपली जागाही गेली. गावानं नदीकडे पाठ फिरवली. काठावर आधी कचरा आला, मग गटाराची तोंडं आली, आणि एक दिवस तिथे रस्ता आखला गेला.

आज लिहायचंय ते या नदीकाठच्या रस्त्याबद्दल. कारण जगात काही गावांनी असा रस्ता केला, वीस-तीस वर्षं वापरला आणि नंतर तो काढून तिथे बाग केली.

नदीकाठी रस्ता का होतो, याचं कारण अगदी सोपं आहे. गावातून रस्ता न्यायचा तर कुणाचं घर जातं, कुणाचं दुकान जातं, मोबदला द्यावा लागतो, कोर्टकज्जे होतात. नदीकाठची जमीन बहुतेक सरकारी, नाहीतर पडीक. तिथे ना कुणाचं छप्पर, ना कुणाचा उतारा. आणि नदी काही नगरपालिकेत येऊन हरकत नोंदवत नाही. तिची हरकत ती नोंदवते पावसाळ्यात.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर पुण्याचं. लेकीकडे, भावाकडे पुण्याला जाणाऱ्या मैत्रिणींना तिथला नदीपात्रातला रस्ता माहीत असेल. डेक्कनच्या बाजूनं, म्हात्रे पुलाकडून भिडे पुलाकडे मुठा नदीला अगदी चिकटून हा रस्ता जातो. वरच्या रस्त्यांवरची गर्दी टाळायची म्हणून दुचाकीवाले पटकन खाली उतरतात आणि पाच-दहा मिनिटं वाचवतात. आता पावसाळ्यातलं चित्र बघा. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सोडला, की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि त्याबरोबर हा रस्ताही. दरवर्षी पेपरात तोच फोटो येतो. पोलिस अडथळे लावतात, उभ्या करून ठेवलेल्या गाड्या बाहेर काढायची धावपळ होते.

आणि त्या दिवशी पुणं काही बंद पडत नाही. कचेऱ्या चालतात, शाळा सुटल्यावर मुलं घरी येतात, भाजी मंडईत पोचते. थोडा वेळ जास्त लागतो, थोडी चिडचिड होते, इतकंच. म्हणजे ज्या रस्त्यावाचून शहराचं पान हलणार नाही असं आपण समजतो, तो नदी स्वतःच वर्षातून काही दिवस बंद करते आणि शहर चालू राहतं, हेही दाखवते.

पुण्यातच मुठेच्या पात्रात आणखी एक रस्ता आखला गेला होता, विठ्ठलवाडीपासून वारज्याकडे महामार्गाला जोडणारा. त्यासाठी पात्रात भराव टाकला गेला. काही जागरूक पुणेकर त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि २०१३मध्ये लवादानं सांगितलं, की हा रस्ता निळ्या पूररेषेच्या बाहेर न्या आणि पात्रातला भराव काढा. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटल्यावर पुण्यानं काय भोगलं, ते आपल्या आई-आजींनी सांगितलेलं आहे. आणि २५ जुलै २०२४ला याच मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत शिरलं, ते आपण टीव्हीवर पाहिलं. नदीला अंग पसरायला जागा लागते. ती आपण दिली नाही, तर ती आपल्या दिवाणखान्यात घेते.

आता सातासमुद्रापलीकडची एक गोष्ट सांगते. अमेरिकेच्या पश्चिमेला ऑरेगन राज्यात पोर्टलंड नावाचं शहर आहे. तिथून विलामेट नदी वाहते. १९४०च्या दशकात त्यांनी नदीच्या काठानं हार्बर ड्राइव्ह नावाचा मोठा रस्ता बांधला. गाव एका बाजूला, नदी दुसऱ्या बाजूला आणि मधे धावत्या गाड्या. नदी दिसायची, पण तिच्यापर्यंत पोचता यायचं नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी रस्ता आणखी रुंद करायचा बेत निघाला. तेव्हा काही कुटुंबांनी काय केलं असेल? मोर्चा काढला नाही. ऑगस्ट १९६९मध्ये घरून खाणं बांधून घेतलं, पोरंबाळं घेतली आणि दोन्हीकडून गाड्या जात असलेल्या गवताच्या एका पट्टीवर सतरंज्या टाकून चक्क सहल केली! गाड्यांच्या धुरात बसून मुलांना जेवू घालणारे हे आईबाप बघून शहराच्या लक्षात आलं, की ही जागा मुळात कशासाठी असायला हवी.

तिथले गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी हा विचार उचलून धरला. त्या रस्त्यावरून दिवसाला सुमारे २५ हजार गाड्या जात होत्या. रस्ता बंद केला तर हाहाकार होईल, असं रस्तेवाले इंजिनीअर सांगत होते. पलीकडून नवा मोठा रस्ता आणि पूल झाल्यावर १९७४मध्ये हार्बर ड्राइव्ह बंद केला, उखडला. १९७८मध्ये तिथे बाग खुली झाली. हाहाकार काही झाला नाही. पुढे त्या बागेला मॅकॉल यांचंच नाव दिलं. फेब्रुवारी १९९६मध्ये विलामेटला मोठा पूर आला, तेव्हा महापौर व्हेरा कॅट्झ या बाई होत्या. त्यांनी हाक दिली आणि शेकडो लोकांनी फळ्या नि वाळूची पोती लावून काठावरची भिंत रातोरात उंच केली. जिथे आपण रोज बसतो, ती जागा वाचवायला माणसं धावतात. नुसत्या रस्त्यासाठी कोण धावतं?

दुसरी गोष्ट दक्षिण कोरियातल्या सोलची. शहराच्या मधून चोंग्येचॉन नावाचा ओढा वाहायचा. एके काळी बायका तिथे धुणं धुवायच्या, अगदी आपल्यासारख्याच. युद्धानंतर काठावर झोपड्या वाढल्या, ओढ्याचं गटार झालं. मग १९५८पासून त्यावर काँक्रीट घालून तो झाकायला सुरुवात झाली आणि वर उड्डाणमार्ग बांधला. तीस-एक वर्षांनी तो उड्डाणमार्ग धोकादायक झाला. दुरुस्त करायचा की पाडायचा, असा प्रश्न आला. त्यांनी पाडायचं ठरवलं. जुलै २००३मध्ये काम सुरू झालं आणि १ ऑक्टोबर २००५ला ५.८ किलोमीटरचा ओढा लोकांसाठी उघडला. ही नुसती तोडफोड नव्हती. मधल्या काळात, १ जुलै २००४ला त्यांनी सगळ्या शहराची बससेवा नव्यानं आखली. रस्ता काढून घेतला, पण माणसांना जायला बसही दिली. ही जोड मला फार महत्त्वाची वाटते.

अर्थात सोलच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. त्या ओढ्यात आज वाहणारं बरंचसं पाणी हान नदीतून पंपानं आणून सोडतात, त्याला वीज आणि पैसा लागतो. आणि तिथे वर्षानुवर्षं हातगाडीवर पोट भरणारे फेरीवाले उठवले गेले. त्यांना एका जुन्या स्टेडियमवर जागा दिली, पुढे तिथूनही हलवलं. म्हणून बाग झाल्याचं कौतुक करताना, कुणाची चूल विझवून बाग झाली, हेही विचारायला हवं. आपल्या गावात नदीकाठी मासे विकणाऱ्या, कणसं भाजणाऱ्या, शहाळी विकणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

पॅरिसनं तर वेगळीच युक्ती केली. सीन नदीच्या काठानं १९६७पासून मोटारींचा जलद रस्ता होता. २००२च्या उन्हाळ्यात त्यांनी त्याचा काही भाग थोड्या आठवड्यांपुरता बंद केला, तिथे वाळू पसरली, खुर्च्या मांडल्या, छत्र्या लावल्या. लोक आले. पुढच्या वर्षी पुन्हा केलं. लोकांना सवय लागली आणि गाड्यांनाही. मग २०१३मध्ये डाव्या काठाचा रस्ता कायमचा बंद झाला. २०१६मध्ये उजव्या काठाचे ३.३ किलोमीटर, आणि हे केलं ॲन हिदाल्गो यांनी, पॅरिसच्या पहिल्या महिला महापौर. त्यांनाही विरोध झालाच. मोटारवाले कोर्टात गेले, २०१८मध्ये कोर्टानं त्यांचा निर्णय रद्दही केला. बाईंनी नव्यानं आदेश काढला आणि तो त्याच वर्षी कोर्टात टिकला.

आता तुम्ही म्हणाल, रस्ता बंद केल्यावर त्या गाड्या जातात कुठे? शेजारच्या गल्लीत तुंबत नाहीत का? थोड्या तुंबतात, पहिले काही दिवस. मग माणसं सवयी बदलतात. कुणी लवकर निघतं, कुणी बस धरतं, कुणी दोन कामं एका फेरीत उरकतं, कुणी जवळच्याच दुकानात जातं. हे समजायला इंजिनीअर व्हायला नको, आपलं साड्यांचं कपाट आठवा. मोठं कपाट घेतलं म्हणून साड्या नीट मावल्या, असं कधी झालंय का? वर्षभरात तेही भरतं. रस्त्याचं तसंच. रुंद केला की गाड्या वाढतात. आणि कपाट लहान झालं की आपण ठेवायच्या त्याच साड्या ठेवतो.

पण सगळेच रस्ते काही असे काढता येत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पोर्टलंडला दुसरा रस्ता तयार होता, सोलला बस होत्या. ज्या गावात ॲम्ब्युलन्स जायला तो एकच रस्ता आहे, जिथे पलीकडच्या वाडीतली मुलं त्याच रस्त्यानं शाळेत येतात, तिथे हा हट्ट धरून चालणार नाही. मोठ्या शहरांची गोष्ट मी इतक्या आग्रहानं सांगते, ती आपण तसाच रस्ता उखडावा म्हणून नव्हे. आपल्या छोट्या गावांत बऱ्याच ठिकाणी तो अजून व्हायचाच आहे. त्यांना केलेलं मोडावं लागलं, आपल्याला अजून न करण्याची संधी आहे. रस्ता एकदा झाला, की तो काढायला एक पिढी जाते. पोर्टलंडला तीस वर्षं लागली, पॅरिसला जवळजवळ पन्नास.

आपल्या जिल्ह्यात तर हा जिवाचा प्रश्न आहे. चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव, खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली, संगमेश्वरला शास्त्री आणि सोनवी, इकडे चांदेराईला काजळी. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस काही तासांत आपल्या बाजारपेठेत येतो. २६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही आणि २२ जुलै २०२१ तर अजून अंगावर काटा आणते. त्या पुरानंतर आम्ही काही जणी चिपळूणला गेलो होतो, डबे, कपडे, फिनेल, खराटे घेऊन. घराघरात गुडघाभर चिखल. एक ताई दारात बसून लग्नातल्या अल्बमची पानं एकेक सोडवून वाळत घालत होती. चिखल काढायला बायका, भांडी घासायला बायका, भिजलेलं धान्य फेकताना डोळे पुसायला बायका. पुरुष पंचनाम्याच्या रांगेत उभे होते, त्यांचंही हाल कमी नव्हते. पण नदीच्या नकाशावर रेघा मारल्या जातात, त्या टेबलाशी या ताईला कधी कुणी बोलावलं होतं का?

या रेघा म्हणजे पूररेषा. पाटबंधारे खातं, म्हणजे आताचं जलसंपदा खातं, त्या आखतं. दोन शब्द आपण सगळ्याजणींनी पाठच करायला हवेत. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी पोचतं ती हद्द. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. निळ्या रेषेच्या आत नदीकडचा भाग हा निषिद्ध क्षेत्र. तिथे बांधकाम करायचं नाही, पण मोकळा वापर चालतो. मोकळा वापर म्हणजे काय? बाग, खेळाचं मैदान, शेती. बघा, म्हणजे आपण मागतोय ते सरकारी नियमातच बसतं!

आणि त्यात शहाणपण आहे. बागेत पाणी शिरलं तर गाळ काढायचा, बाकं धुवायची, चार झाडं पुन्हा लावायची. दुकानात, घरात शिरलं तर संसार जातो. भराव घालून उंच केलेला रस्ता तर दुहेरी घात करतो. नदीचं पाणी पसरू देत नाही आणि गावातलं पावसाचं पाणी नदीकडे जाऊ देत नाही. रस्ता बांधासारखा आडवा उभा राहतो आणि त्याच्या मागे वस्ती तुंबते. २०२१नंतर चिपळूणकरांनी वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढावा म्हणून उपोषणं केली, तेव्हा कुठे कामाला वेग आला. गाळ काढायचा एका बाजूनं आणि भराव टाकायचा दुसऱ्या बाजूनं, असं होऊ नये एवढंच.

"नदीकाठ विकास" म्हटलं की सगळं छानच असं समजायचंही कारण नाही. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा नदीकाठ प्रकल्प सुरू आहे. ६ मार्च २०२२ला त्याचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. काठानं चालायचे मार्ग, सायकलींचे मार्ग, बागा, असं सगळं त्यात आहे. पण बांध घालून पात्र अरुंद होईल, जुनी झाडं जातील, आणि मैलापाणी आधी थांबवा मग काठ सजवा, असं म्हणत कितीतरी पुणेकर रस्त्यावर उतरले. प्रश्न रास्त आहेत. नदीला दगडी कपडे घालून तिच्या काठी फरशा बसवल्या, म्हणजे ती बाग होत नाही. बागेत माती हवी, सावली हवी. करंज, भेंड, उंडी ही आपली काठावरची झाडं हवीत. विलायती गवताला रोज पाणी घालत बसायची गरज नाही.

बाग कशी असावी, यात तर बायकांचं म्हणणं आधी घ्यायला हवं. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरानं १९९०च्या दशकात आपल्या बागांची पाहणी केली. त्यात दिसलं, की मुली नऊ-दहा वर्षांच्या झाल्या की बागेत यायच्याच बंद होतात. मुलं मात्र येत राहतात. का? तर मधल्या मोकळ्या जागेत मुलगे फुटबॉल खेळायचे, दार एकच, आणि मुलींना बसायला, खेळायला वेगळी अशी जागाच नाही. मग त्यांनी दोन बागा नव्यानं आखल्या. पायवाटा वाढवल्या, मैदानाचे लहान लहान भाग केले, व्हॉलीबॉलसारखे खेळ आणले, आत-बाहेर करायला जास्त वाटा ठेवल्या. मुली परत आल्या. आपल्याकडे वयात आलेली मुलगी मैदानावरून घरी बसते, ते "मोठी झाली आता" म्हणून. कधी कधी त्यामागे नुसती वाईट आखलेली जागाही असते.

आमच्या मंडळातल्या बायकांना मी कागद दिले आणि म्हटलं, लिहा, नदीकाठी कशी जागा हवी. त्यांनी लिहिलेलं वाचून मला फार बरं वाटलं. कुणीही कारंजं मागितलं नाही, कुणी पुतळा मागितला नाही. पहिलं आलं स्वच्छतागृह, आतून कडी लागणारं आणि पाणी असलेलं. मग आला उजेड. मग पाठ टेकता येईल असं बाक, "कारण आमचे गुडघे आणि कंबर दोन्ही गेलेत". उंच भिंत नको, रस्त्यावरून आतलं दिसलं पाहिजे. तिकीट नको. रिक्षा थांबेल अशी जागा हवी. एकीनं लिहिलं, "काही विकत न घेता बसू देणारी जागा." आणि पापलेट-सौंदाळे विकणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीनं लिहायला येत नाही म्हणून तोंडी सांगितलं, "वयनी, बाग करा, पन माजी पाटी ठेवायला जागा राखा."

आता तुम्ही विचाराल, आम्ही घरातल्या बायका काय करणार? बरंच करू शकतो. महाराष्ट्रात २०११पासून नगरपालिका आणि ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. म्हणजे तुमच्या प्रभागात नाही, तर शेजारच्या प्रभागात नगरसेविका असणारच. हळदीकुंकवाला तिला बोलावतोच ना आपण? मग वाण देताना एक अर्जही द्यायचा. अर्जात तीन साधे प्रश्न. आपल्या गावातून जाणाऱ्या नदीची निळी आणि लाल रेषा कुठून जाते, तो नकाशा आम्हाला दाखवा. काठावर कोणता रस्ता, कोणतं बांधकाम प्रस्तावित आहे ते सांगा. निळ्या रेषेच्या आतली सरकारी मोकळी जागा किती आणि कुठे आहे, ते सांगा. उत्तर मिळालं नाही, तर २००५चा माहितीचा अधिकार आहेच. गावाचा विकास आराखडा जाहीर होतो, तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात, त्याला मुदत असते. पेपरात ती जाहिरात बारीक अक्षरात येते. कूपन कापायच्या आधी ती वाचायची. एका हरकतीनं भागत नाही, पण एका बचत गटातल्या प्रत्येकीनं एकेक दिली, तर ती फाइल पुढे सरकतेच.

आणि जिथे काठावर रस्ता झालेलाच आहे, तिथे पॅरिसची युक्ती करून बघता येईल. आधी थोडे दिवस, थोडा वेळ. हे आपल्याकडेही झालंय. पुणे महापालिकेनं ११ डिसेंबर २०२१ला लक्ष्मी रोडसारख्या गजबजलेल्या रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा केला. मुंबईत २०२२मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते लोकांना चालायला, खेळायला मोकळे करून दिले, त्यात मरीन ड्राइव्हही होता. मग आपल्या नदीकाठचा रस्ता महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी पाच ते आठ का नाही? नगरपालिका आणि पोलिस ठाण्यात रीतसर अर्ज द्यायचा. ॲम्ब्युलन्सला वाट ठेवायची. बचत गटांनी घावणे, सांदण, कोकम सरबत घेऊन बसावं. मुलींनी दोरीच्या उड्या माराव्यात, आजींनी खुर्च्या टाकाव्यात. दोन-चार दुकानदार कुरकुरतील. त्यांच्या घरच्या बायका येऊन बसल्या, की तेही येतील.

हे वाचून कुणाला वाटेल, पाणी, रस्ते, दवाखाने हे प्रश्न असताना या बाईला बागेचं काय सुचतंय! पण मैत्रिणींनो, ज्या जागी आपण रोज बसतो तिथलं पाणी काळं झालं, भराव पडला, झाड तोडलं, तर पहिली आपल्याला कळतं. नदीवर धुणं धुणाऱ्या आपल्या आज्यांना पाणी कधी चढतंय, कुठवर चढतंय, हे पंचांग न बघता कळायचं. आपण नदीकडे पाठ केली आणि ती ओळख गेली. काठावर पुन्हा माणसं बसायला लागली, त्यात बायका आणि मुलं बसायला लागली, की नदीला राखणदार मिळतील. ते पगार मागत नाहीत, त्यांना फक्त बसायला जागा लागते.

तेव्हा येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणात प्लास्टिकचा डबा नको. गावच्या नदीचा नकाशा मागणाऱ्या अर्जाची एक प्रत द्या, आणि खाली सगळ्याजणींच्या सह्या घ्या. ज्यांना सही येत नाही, त्यांचा अंगठाही चालतो.